पायथनमधील यादी : ती रचावी कशी व वाढवावी कशी

हल्ली संगणकाच्या विषयास आमच्या शाळांतून मोठे महत्त्व प्राप्त झाले आहे, व ते योग्यच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आज्ञावली लिहिण्याची ओळख सहावी ते आठवीच्या टप्प्यातच व्हावी असे म्हटले आहे. आणि केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीच्या वर्गांस संगणकशास्त्र पायथन या भाषेतून शिकविले जाते. खारघरात तर सी-डॅकसारख्या संस्थेचे केंद्र रेल्वे स्थानकाच्या जवळच असल्यामुळे ही विद्या आम्हांस परकी वाटत नाही. मुलगी काय शिकते असे कोणी विचारले, की "पायथन" असे उत्तर येते, आणि ते ऐकून घरातील वडील मंडळी समाधान पावतात. त्या समाधानात विघ्न आणावे असा आमचा हेतू नाही. परंतु त्या विद्येतील एका अगदी लहान बाबीविषयी, म्हणजे यादीविषयी, चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते; कारण ही एक बाब नीट समजली आहे की नुसती पाठ झाली आहे, यावरून पुढचे पुष्कळसे ठरते.

वर्गात यादीचा प्रश्न विचारला असता जे उत्तर ऐकू येते ते असे : "अपेंडने एक घटक वाढतो, एक्स्टेंडने अनेक घटक वाढतात." उत्तर बरोबर आहे. त्यास गुणही मिळतात. तथापि हे वाक्य म्हणजे समज नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते पाठ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास लगेच विचारावे, की "कोणती यादी वाढते? जुनीच, की नवी?" बहुधा तो गोंधळून जातो. आणि खरा विषय तर येथूनच सुरू होतो.

पायथन ही भाषा गीडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने ॲमस्टरडॅम येथील गणित-संगणन संस्थेत १९८९ च्या नाताळच्या सुटीत रचावयास घेतली व १९९१ त ती लोकांपुढे ठेवली. तिचे नाव अजगरावरून पडले असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमाच्या नावावरून घेतलेले आहे. या भाषेत आपण वस्तूंना जी नावे देतो ती २००८ पासून, म्हणजे तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, देवनागरीतही लिहिता येतात. यादीस "स्थानके" हे नाव खुशाल द्यावे. पायथन कुरकूर करीत नाही. आज्ञांचे शब्द मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात.

आता यादी म्हणजे काय ते पाहू. एका ओळीत मांडलेले खण डोळ्यांपुढे आणावे. खणांस शून्यापासून क्रमांक दिलेले असतात. प्रत्येक खणात प्रत्यक्ष वस्तू नसते, तर ती वस्तू कोठे आहे त्याचा पत्ता असतो. आणि या सबंध मांडणीस बाहेरून एक चिठ्ठी बांधलेली असते. तीच तिचे नाव. चिठ्ठी निराळी व मांडणी निराळी, हे ज्याने ध्यानात धरले त्याचे निम्मे काम झाले.

उदाहरण दूरचे कशास हवे? नवी मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका १७ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रवाशांस खुली झाली. तिच्यावर अकरा स्थानके आहेत, व त्यांतील बरीचशी आमच्या मुलांच्या रोजच्या जाण्यायेण्यातली आहेत. समजा, एका विद्यार्थिनीने प्रथम बेलापूर, आर.बी.आय. कॉलनी, बेलपाडा, उत्सव चौक, केंद्रीय विहार, खारघर गाव व सेंट्रल पार्क ही सात नावे चौकटी कंसांत स्वल्पविराम देऊन लिहिली. यादी रचण्याचा सर्वांत साधा मार्ग तो हाच. मग तिने पेठपाडा, अमनदूत, पेठाली-तळोजा व पेंधर या चार नावांची दुसरी यादी केली व ती पहिलीस जोडावयाचे ठरविले. तिने अपेंड वापरले, तर पहिल्या यादीत अकरा नव्हे, आठ घटक होतील. कारण चार नावांची ती सबंध यादीच एक गाठोडे म्हणून आठव्या खणात जाऊन बसेल. एक्स्टेंड वापरले, तर गाठोडे सुटेल, चारही नावे एकेका खणात जातील, व संख्या अकरा होईल. येथे एक चूक आहे व एक बरोबर आहे असे नाही. गाठोडे गाठोडेच ठेवावयाचे असेल, उदाहरणार्थ प्रत्येक मार्गिकेची यादी एका मोठ्या यादीत निरनिराळी ठेवावयाची असेल, तर अपेंडच योग्य. आपणांस काय हवे हे आधी ठरवावे लागते. संगणक ते ठरवीत नाही.

गाठोडे सोडण्याची एक्स्टेंडची ही सवय किती अंगवळणी पडलेली आहे, याची एक मौज सांगतो. त्याला यादीच्या जागी नुसता "खारघर" हा शब्द दिला, तर तो शब्दही तो सोडून मोकळा होतो. आता आम्ही मराठी माणसे या शब्दांत चार अक्षरे मोजतो. परंतु यादीत पाच घटक वाढतात : ख, त्याचा काना, र, घ, आणि पुन्हा र. काना निराळा पडतो, कारण संगणकाच्या लेखी तो स्वतंत्र चिन्ह आहे. "पनवेल" दिले तर व वरची मात्रा अशीच एकटी पडते. इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्या मुलांस ही गंमत कधी दिसतच नाही, म्हणून ती मराठीतून शिकविणाऱ्या गुरुजनांनी फळ्यावर अवश्य करून दाखवावी. बारा खडीचा व युनिकोडचा असा एकत्र पाठ दुसरीकडे क्वचितच मिळेल.

शेवटी घटक जोडणे निराळे, आणि मध्ये घुसविणे निराळे. ठाणे-वाशी लोहमार्गावर १२ जानेवारी २०२४ पासून दिघा गाव हे स्थानक ठाणे व ऐरोली यांच्या दरम्यान सुरू झाले. यादीच्या भाषेत ही इन्सर्टची आज्ञा होय : ठाणे शून्य क्रमांकावर राहिले, दिघा गाव एकवर आले, आणि ऐरोलीपासून पुढची सारी स्थानके एकेक खण मागे सरकली. स्थानके मूठभर असतील तर हे सरकणे जाणवत नाही. परंतु लाख घटकांच्या यादीत दर वेळी आरंभीच नवा घटक घुसविणारा विद्यार्थी लाख पत्ते पुनःपुन्हा सरकवीत असतो, व "संगणक संथ आहे" अशी तक्रार करीत असतो. हार्बर लोहमार्ग याच्या उलट शेवटाकडून वाढत गेला. १९९२ त वाशी, १९९३ त बेलापूर व १९९८ त पनवेल अशी त्याची मजल होती, व मागच्या कोणत्याही स्थानकाचा क्रमांक त्यामुळे बदलला नाही. यादीसही शेवटाकडून वाढणेच मानवते.

ते का मानवते, हे पाहण्यासाठी यादीच्या अंतरंगात थोडे उतरावे लागेल. पायथनची जी प्रत सर्वत्र वापरली जाते, तिच्या हल्लीच्या आवृत्त्यांत रिकाम्या यादीस पहिला घटक जोडताच एकदम चार खणांची जागा घेतली जाते. पाचवा घटक आला की आठ खणांची, नववा आला की सोळांची, आणि त्यापुढे चोवीस, बत्तीस, चाळीस, बावन्न अशी. मेट्रोची अकरा नावे एकेक करून जोडली, तर यादीजवळ सोळा खण असतील व त्यांपैकी पाच मोकळे असतील. नगर वसविणाऱ्याने पुढे येणाऱ्या वस्तीसाठी भूखंड आधीच आखून ठेवावे, तसाच हा प्रकार. खारघरच्या रहिवाशांस सिडकोच्या आखणीमुळे तो सांगण्याची गरज नाही. या मोकळ्या खणांमुळे अपेंडला बहुतेक वेळा काहीच हलवावे लागत नाही. क्वचित जागा संपते, तेव्हा सारी मांडणी मोठ्या जागी न्यावी लागू शकते. परंतु यादी मोठी होत जाते तसतसे घेतलेले मोकळे खणही वाढत जातात, म्हणून तो खर्च एकेका घटकावर अगदी थोडा पडतो.

आता याची तुलना बेरजेच्या चिन्हाने यादी वाढविण्याशी करून पाहावी. दोन याद्यांची बेरीज केली असता पायथन त्यांपैकी कोणतीही वाढवीत नाही. तो तिसरी, अगदी नवी यादी करतो व दोन्हींतील पत्ते तिच्यात उतरवून घेतो. एकदा केले तर हरकत नाही. परंतु एक लाख घटक असे एकेक करून बेरजेने जोडले, तर प्रत्येक पावलास सारी यादी नव्याने उतरविली जाते, आणि एकूण उतरवणी सुमारे ५०० कोटींची होते. हा आकडा आम्ही कोठून आणला? एक अधिक दोन अधिक तीन असे एक लाखापर्यंत. नववीच्या मुलानेही कागदावर काढून पाहावा. अपेंडने तेच काम फार तर दहा लाखांच्या आसपास हलवाहलवीत होते. उत्तर दोन्हींचे एकच येते, म्हणून परीक्षेत दोन्हींस सारखेच गुण पडतात. आणि म्हणूनच हा भेद शिकविण्याचे राहून जाते.

परंतु वेळेचा अपव्यय ही लहान हानी होय. मोठी हानी चिठ्ठी व मांडणी यांतील भेद न कळल्याने होते. समजा, एखाद्या शाळेत अ तुकडीच्या पटाची यादी आहे. ब तुकडीचा आरंभ त्याच नावांनी करावयाचा म्हणून कोणी लिहिले, की ब बरोबर अ. त्याच्या मनात असे, की आता दोन पट झाले. प्रत्यक्षात पट एकच आहे व त्यास दोन चिठ्ठ्या बांधल्या आहेत. ब तुकडीत नव्या मुलीचे नाव अपेंडने घातले, की ते अ तुकडीतही दिसू लागते. अ तुकडीतून एखाद्याचे नाव कमी केले, तर तो ब मधूनही नाहीसा होतो. कोणतीही चूक पडद्यावर उमटत नाही. आज्ञावली आनंदाने चालते. शिष्यवृत्तीची यादी असेल तर एखादे मूल तीतून गळेल, रुग्णालयातील वेळांची यादी असेल तर एखाद्या वृद्धाचा दिवस चुकेल, आणि चूक कोणाची हे कोणास उमगणार नाही. दुसरा पट खरोखर हवा असेल तर प्रत काढण्याची आज्ञा स्पष्ट द्यावी लागते. रिकाम्या यादीची यादी करून तिला तीनने गुणणे व तीन तुकड्यांच्या तीन याद्या झाल्या असे मानणे, हा याच जातीचा सापळा : तीन खणांत एकाच यादीचा पत्ता तीनदा लिहिलेला असतो.

येथे बेरजेच्या चिन्हाची आणखी एक लबाडी सांगितली पाहिजे. "अ बरोबर अ अधिक क" असे लिहिले तर नवी यादी होते व अ ही चिठ्ठी तिच्यावर येते. जुन्या मांडणीला बांधलेली ब ही चिठ्ठी होती तेथेच राहते. पण तेच "अधिक-बरोबर" या जोडचिन्हाने लिहिले, तर जुनी यादीच जागच्या जागी वाढते, एक्स्टेंडप्रमाणे, व ब मध्येही ती वाढ दिसते. दोन लेखनांत दिसावयास किती थोडे अंतर! बीजगणितात तर ती एकच मानली जातील. भाषेच्या कर्त्यांनी ही सोय केली ती सहेतुक असेल. परंतु नवशिक्यांच्या दृष्टीने ती फार सुखाची झाली आहे असे आम्हांस वाटत नाही.

अपेंडविषयी एक गोष्ट राहिली. ते यादी वाढविते, परंतु उत्तरादाखल काहीच परत देत नाही. म्हणून "स्थानके बरोबर स्थानके डॉट अपेंड" असे लिहिणाऱ्याची यादी वाढते खरी, पण त्याच क्षणी "स्थानके" ही चिठ्ठी तिच्यावरून सुटून "काहीच नाही" या वस्तूला बांधली जाते. अकरा स्थानके गेली कोठे म्हणून मुलगा हताश होतो. त्यास नियम सांगण्यापेक्षा चिठ्ठीचे चित्र काढावयास लावावे. चित्र काढताना बाण कोठून सुटला हे त्याचे त्यालाच दिसते.

यादी एका ओळीत सूत्ररूपाने रचण्याची जी पद्धती आहे, ती पायथनमध्ये २००० साली दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. हास्केल नावाच्या दुसऱ्या एका भाषेवरून ती सुचली. गणितात संच लिहिताना "असा प्रत्येक घटक, की ज्याच्या अंगी अमुक गुण आहे" असे आपण म्हणतो, तीच ही रीत. आमच्या अकरा स्थानकांतून ज्यांच्या नावात "पाडा" येतो ती निवडा म्हटले, की एका ओळीत बेलपाडा व पेठपाडा ही दोन हाती लागतात. रचना सुबक आहे, आणि तिने जुनी यादी मुळीच बदलत नाही, नवी तयार होते, हा तिचा मोठा गुण. तथापि ती पहिल्या महिन्यात शिकवू नये. ज्या मुलाने रिकाम्या यादीपासून आरंभ करून, फेऱ्या घालून, अट तपासून, एकेक नाव स्वतः जोडले नाही, त्याला ही ओळ म्हणजे मंत्र वाटतो. आणि मंत्र म्हणणाऱ्यांची आमच्याकडे आधीच वाण नाही.

यावर दोन आक्षेप येतील. काही पालक म्हणतील, की आता आज्ञावली लिहून देणारी बुद्धिमान यंत्रेच निघाली आहेत. मुलांनी खणांची चित्रे काढीत कशास बसावे? त्यांस आमचे उत्तर असे, की यंत्राने लिहिलेले वाचून पारखावयास कोणी तरी हवे. वर सांगितलेल्या पटाच्या उदाहरणात पडद्यावर चूक उमटत नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद केले आहे. लिहिणारा मनुष्य असो वा यंत्र, ती चूक ज्याला चिठ्ठी व मांडणी ठाऊक आहेत त्यालाच दिसेल. वाण्याकडून सामान घरपोच येऊ लागले म्हणून हिशेब तपासण्याचे काम काही संपले नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, व तो अधिक वजनदार आहे : अभ्यासक्रम मोठा, तासिका थोड्या, आणि प्रयोगशाळेत एका यंत्रामागे अनेक मुले. आम्ही ही अडचण जाणतो. परंतु आम्ही जे सुचवीत आहो त्यास यंत्र लागतच नाही. कागद, शिसपेन्सिल व पट्टी पुरे. आठवड्यातून एका तासिकेची पहिली वीस मिनिटे चार ओळींची आज्ञावली फळ्यावर लिहावी, व प्रत्येक ओळीनंतर खणांत काय आहे आणि चिठ्ठ्या कोठे आहेत, हे मुलांनी काढावे. त्यानंतरच यंत्र सुरू करून ताडून पाहावे. परीक्षेत "या आज्ञावलीचे उत्तर काय येईल?" असे जे प्रश्न असतात ते आमच्या मते सर्व प्रश्नपत्रिकेत उत्तम, पण मुले त्यांचीही मागील वर्षांची उत्तरेच पाठ करतात, आणि वर्ग चालविणारे त्यांस तसे करावयास लावतात. पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी एवढेच पाहावे, की तेथे मुलाच्या वहीत खणांची चित्रे आहेत, की नुसत्या उतरविलेल्या ओळी. ज्यांस वर्गाचे शुल्क झेपत नाही त्यांच्यासाठी पवईच्या आय.आय.टी.ने बोलके पाठ विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत, व मराठी भाषेकडेही त्यांनी दुर्लक्ष केलेले नाही.

आमच्या विद्यार्थी-वाचकांस सुटीसाठी एक काम देऊन ठेवतो. तीन नावांची एक यादी घ्यावी. पहिल्या आज्ञावलीत त्या यादीवरून एकेक नाव घेत फेरी घालावी, व प्रत्येक वेळी घेतलेले नाव त्याच यादीस अपेंडने जोडावे. दुसऱ्या आज्ञावलीत फेरी न घालता ती यादी तिला स्वतःलाच एक्स्टेंडने जोडावी. दुसरी क्षणात संपते व सहा नावे देते. पहिली कधीच संपत नाही. यंत्राची स्मृती भरेपर्यंत ती चालतच राहील, म्हणून ती चालविताना थांबविण्याची कळ कोणती हे आधी विचारून घ्यावे. दोघींत असा भेद का पडावा, हे खण काढून शोधावे, आणि उत्तर शाळा उघडल्यावर वहीत आणावे. यंत्राला विचारून आणलेले उत्तरही आम्ही वाचू. मात्र चित्र स्वतःच्या हाताने काढलेले असावे.